केक फुगण्यामागचे श्रम आणि शास्त्र

हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या इंग्रजी पाकपुस्तकात पाउंड केकचे मिश्रण तासभर फेटण्याची सूचना आहे. पुस्तक घरकाम करणाऱ्या सेवकवर्गासाठी लिहिलेले होते. अर्थात केक धन्याचा, श्रम मोलकरणीचे. १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी यीस्ट न सोसणाऱ्या पत्नीसाठी बेकिंग पावडर तयार केली. तिच्यातील सोडा व आम्ल ओलाव्यात एकत्र येताच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिश्रण फुगते. म्हणून ते कालवताच ओव्हनमध्ये ठेवावे. लोण्याच्या क्रीमची नक्षी मात्र केक पूर्ण निवल्यावरच काढावी. उबेने लोणी वितळते. शास्त्राने फेटण्याचे कष्ट हलके केले. उरलेले काम घरातील मुलगे व मुली यांनी वाटून घ्यावे. ते एकट्या आईवर टाकू नये.