मागच्या सीटवरचा सिनेमा

गौरी-गणपतीच्या सुटीत आम्ही पेणहून रोह्याला निघालो होतो. गाडी मेहुण्यांची, नवी कोरी. पुढच्या दोन्ही आसनांच्या पाठीला, डोके टेकण्याच्या जागेमागे, एकेक लहान पडदा बसवलेला. भाचा आठवीतला. पेण सुटण्याआधीच त्याने कानांवर हेडफोन चढवले आणि तो सिनेमात बुडाला. वडखळ गेले, नागोठणे गेले, दोन्ही बाजूंची हिरवीगार भातशेती गेली, त्याला कशाचाच पत्ता नाही. नागोठण्याहून रोह्याकडे वळल्यावर भिसे खिंडीची वळणे लागली आणि मागून क्षीण आवाज आला, "मामा, कसंतरी होतंय." गाडी बाजूला घेईपर्यंत व्हायचे ते होऊन गेले.

तोंड धुऊन सावरल्यावर त्याने जो प्रश्न विचारला, तो मात्र पहिल्या प्रतीचा होता. "बाबा तर त्याच वळणांवरून गाडी चालवतायत. त्यांना कसं कधीच होत नाही?"

विद्यार्थीमित्रांनो, या प्रश्नाकडे आपण येणारच आहोत. पण त्याआधी, धावत्या गाडीच्या मागच्या आसनापर्यंत चित्र आणि आवाज पोहोचतो तरी कसा, ते पाहू. घरातला दूरदर्शन संच उचलून गाडीत ठेवला की झाले, इतके ते सोपे नाही.

बारा व्होल्टचा संसार

घरात आपल्याला २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह मिळतो. मोटारीत मिळतो तो बॅटरीचा एकदिश प्रवाह. शिसे-आम्लाच्या बॅटरीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून सगळ्यांचा मिळून १२.६. इंजिन चालू झाले की त्यावर फिरणारे जनित्र, ज्याला गॅरेजमध्ये अल्टरनेटर म्हणतात, हा दाब १४ व्होल्टच्या थोडा वर नेते. हिशेबासाठी आपण १४.४ व्होल्ट धरू.

आता लाऊडस्पीकरला किती शक्ती देता येईल? स्पीकरला दोन तारा असतात. एक तार मधल्या दाबावर, म्हणजे ७.२ व्होल्टवर, स्थिर ठेवली, तर दुसरी फार तर १४.४ पर्यंत वर आणि शून्यापर्यंत खाली जाईल. म्हणजे दोन्ही बाजूंना ७.२ व्होल्टचाच झोका. स्पीकरचा रोध ४ ओहम धरला आणि आवाज शुद्ध ज्या-तरंगाचा मानला, तर शक्ती झोक्याच्या वर्गाला रोधाच्या दुपटीने भागून मिळते : ७.२ × ७.२ ÷ ८, म्हणजे साडेसहा वॅटसुद्धा नाही.

यावर अभियंत्यांनी काढलेली युक्ती साधी आणि सुंदर आहे. एक तार स्थिर न ठेवता दोन्ही तारा उलट्या दिशांनी हलवायच्या. एक वर गेली की दुसरी खाली. आता झोका दुप्पट, १४.४ व्होल्टचा. शक्ती वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती चौपट होते, सुमारे २६ वॅट. दोन माणसांनी करवत दोन्हीकडून ओढावी, तसा हा प्रकार आहे. घरातल्या पुष्कळ स्पीकरांचा रोध ८ ओहम असतो, मोटारीतल्यांचा बहुधा ४, याचे कारणही इथेच सापडते. दाब वाढवता येत नसेल तर रोध कमी करायचा.

मग दुकानात खोक्यावर 'प्रत्येकी ५० वॅट' असे ठळक अक्षरांत छापलेले असते, ते कुठून येते? १४.४ चा वर्ग करून ४ ने भागून पाहा. उत्तर ५१.८ येते. म्हणजे विवर्धक (ॲम्प्लिफायर) इतका ताणायचा की तरंगाची गोलाई जाऊन तो चौकोनी होईल, तेव्हा मिळणारी ही शक्ती. त्या अवस्थेत गाणे ऐकवत नाही, नुसती घरघर ऐकू येते. आकडा खोटा नाही, पण उपयोगाचाही नाही. याहून खरी जास्त शक्ती हवी असेल, तर १२ व्होल्टच्या प्रवाहाचे अतिजलद तुकडे करून, ते रोहित्रातून नेऊन दाब आधी वाढवावा लागतो. डिकीत बसवतात त्या मोठ्या विवर्धकांत हेच केलेले असते.

इंजिनाबरोबर चढणारा सूर

गाडीत मोबाईल चार्जिंगला लावून त्याच मोबाईलची तार संगीतयंत्रणेला जोडली, की कधीकधी गाण्यामागे एक बारीक पिपाणी वाजू लागते. ॲक्सिलरेटर दाबावा तसा तिचा सूर चढतो, सोडावा तसा उतरतो. हा सूर येतो अल्टरनेटरमधून.

समजा इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत आहे आणि पट्ट्यामुळे अल्टरनेटर त्याच्या तिप्पट वेगाने फिरतो. म्हणजे मिनिटाला ४,५००, सेकंदाला ७५ फेरे. त्याच्या चुंबकात ध्रुवांच्या सहा जोड्या असतील तर सेकंदाला ४५० आवर्तने होतात. अल्टरनेटरमधला प्रवाह तीन कलांचा असतो. सहा डायोडांतून तो एकदिश केल्यावर एका आवर्तनात सहा उंचवटे उरतात. म्हणून ४५० × ६ = २,७०० हर्ट्झ. आपल्या कानाला अगदी स्पष्ट ऐकू येणारा हा सूर आहे.

तो गाण्यात शिरतो कसा? मोटारीत प्रत्येक उपकरणाला दोन तारा नेत बसत नाहीत. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडतात आणि परतीचा प्रवाह पत्र्यातून येतो. पत्र्याचा रोध अगदी थोडा, पण शून्य नव्हे. दोन ठिकाणांमध्ये एक ओहमचा पाचशेवा भाग इतका रोध असला आणि २० अँपिअर प्रवाह वाहत असला, तरी तेवढ्यात ०.०४ व्होल्टचा फरक पडतो. गाण्याचा संकेतच जेमतेम अर्धा-एक व्होल्टचा. त्या फरकातला लहानसा भाग जरी २,७०० हर्ट्झने हेलकावत असला, तरी तो गाण्यात मिसळतो आणि विवर्धक त्यालाही इमानदारीने मोठा करतो. चार्जर काढला किंवा तारेऐवजी बिनतारी जोडणी वापरली, की पिपाणी थांबते. करून पाहा.

फितीचे दिवस

आवाजापेक्षा चित्र कठीण. मुंबई-गोवा रस्त्यावर, ज्याचा क्रमांक तेव्हा १७ होता आणि आता ६६ आहे, १९८० नंतरच्या दशकात रात्रीच्या खासगी बसगाड्या 'व्हिडिओ कोच' अशी पाटी मिरवत धावत. ड्रायव्हरच्या पाठीमागे वर एका पेटीत दूरदर्शन संच, आणि जवळच फितीचा व्हिडिओ. बसची बॅटरी २४ व्होल्टची. तिच्यावरून इन्व्हर्टरने घरगुती दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह तयार करायचा, आणि मग संचाने त्याचेच हजारो व्होल्ट करून चित्रनलिका चालवायची, असा तो द्राविडी प्राणायाम होता.

त्या फितीची गंमत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. गाण्याच्या कॅसेटमध्ये फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते आणि त्यावर सेकंदाला सुमारे १५ हजार कंपनांपर्यंतचा आवाज नोंदता येतो. चित्रासाठी मात्र सेकंदाला तीस लाखांच्या आसपास कंपने नोंदावी लागतात, म्हणजे दोनशेपट. त्याच हिशेबाने फीत दोनशेपट वेगाने, सेकंदाला साडेनऊ मीटर पळवायची म्हटली, तर तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटमधली सुमारे २५० मीटर फीत अर्ध्या मिनिटात संपेल!

मग फीत हळू सरकवून तिच्यावरून चुंबकी टोकच वेगाने फिरवले तर? व्हीएचएस पद्धतीत, जी १९७६ साली जपानमध्ये बाजारात आली, ६२ मिलिमीटर व्यासाचा दंडगोल आपल्याकडच्या चित्रपद्धतीसाठी सेकंदाला २५ फेरे घेतो. परिघ सुमारे १९.५ सेंटिमीटर. २५ ने गुणा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४.९ मीटर वेग मिळतो. टोकाची खाच अधिक बारीक केल्याने एवढ्या वेगातही भागते. फीत दंडगोलाभोवती तिरकी गुंडाळलेली असते, त्यामुळे तिच्यावर तिरक्या रेघा उमटतात. एकेका रेघेची रुंदी सुमारे ४९ मायक्रोमीटर, म्हणजे बारीक केसाएवढी.

आता ही केसाएवढी रेघ कोकणातल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर पकडून ठेवायची! खड्ड्यात चाक आदळले की टोक रेघेवरून घसरणार आणि पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या नाचणार. नायक ऐन मारामारीत असताना चित्र फाटत असे, याचे कारण खलनायक नसून खड्डा होता.

आज गाडीत हलणारा भागच उरलेला नाही. चित्रपट नखाएवढ्या कार्डात विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो, किंवा मोबाईलच्या जाळ्यातून येतो. खड्ड्याने त्याचे काही बिघडत नाही. पडदाही सपाट, द्रवस्फटिकांचा. द्रवस्फटिक प्रथम १८८८ साली ऑस्ट्रियाचा वनस्पतिशास्त्रज्ञ रायनिट्झर याच्या लक्षात आले, पण त्याचे पडदे होण्यास ऐंशी वर्षे जावी लागली. पडद्यामागून पांढरा प्रकाश येतो आणि एका ध्रुवक पापुद्र्यातून जातो. समोर दुसरा पापुद्रा आडव्या दिशेला लावलेला असतो, म्हणून प्रकाश अडायला हवा. मधले द्रवस्फटिक त्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळवतात आणि तो बाहेर पडतो. थोडासा विद्युतदाब बदलून किती वळवायचे ते ठरवता येते. अशी लाखो खिडक्यांची उघडझाप म्हणजे चित्र. पोलरॉइड काचांचा गॉगल मिळाला तर तो गणकयंत्राच्या पडद्यासमोर हळूहळू फिरवा. एका कोनात आकडे लपून सगळा पडदा काळा होईल. शिक्षकांना वर्गात ध्रुवण दाखवायला याहून स्वस्त साधन नाही.

पोटाला काय कळते?

आता भाच्याचा प्रश्न. आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारे इंद्रिय असते. तीन अर्धवर्तुळाकृती नलिकांतला द्रव डोके वळल्याची बातमी देतो. त्यांच्याशेजारी चुन्याचे अतिसूक्ष्म कण एका मऊ थरावर बसलेले असतात. वेग बदलला किंवा डोके कलले की ते सरकतात. हा आपला शरीरातला ओळंबाच समजा.

गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे असे धरू. त्वरण होते वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या : १०० ÷ ४० = २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरणाचा हा चौथा हिस्सा झाला. गाडीत टांगलेला ओळंबा अशा वेळी सुमारे १४ अंशांनी कलतो. कानातले कणही मेंदूला तेच सांगतात, की आपण कललो, वळलो. डोळे मात्र पडद्यावर खिळलेले. पडदा गाडीलाच जोडलेला असल्याने डोळ्यांना तो जागच्या जागी दिसतो. ते सांगतात, काहीच हलले नाही. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत आणि मेंदूचा गोंधळ उडून मळमळ सुरू होते. सावकाश हेलकावे सर्वांत वाईट. पाच सेकंदांना एक, अशा चालीचे वरखाली झोके माणसाला सर्वाधिक त्रास देतात, असे प्रयोगांत आढळले आहे. होडी लागते ती यामुळेच.

गाडी चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असतात. वळण त्याला आधी दिसते, चाक तोच फिरवतो, त्यामुळे कान जे सांगणार त्याची मेंदूला आगाऊ वर्दी असते. कंडक्टरच्या वा मागच्या प्रवाशाच्या नशिबी हे नाही. म्हणून पडदा मांडीवर घेण्यापेक्षा खिडकीच्या उंचीला असलेला बरा, म्हणजे कडेने बाहेरचे थोडे तरी दिसते. वळणे आली की पडदा सोडून दूरच्या डोंगराकडे पाहावे.

हेडफोनबद्दल एक गोष्ट. खिडक्या उघड्या असल्या की रस्त्याच्या आवाजावर मात करण्यासाठी आपण नकळत आवाज वाढवत जातो. ८५ डेसिबेल आवाज दिवसात आठ तास चालेल असे मानतात. पुढे दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबेलला ती १५ मिनिटांवर येते. पेण ते रोहा हा रस्ता त्याहून बराच मोठा आहे.

परतीच्या प्रवासात पडदा नागोठण्यापर्यंत बंद होता. भाच्याने मागच्या खिडकीच्या वरच्या कडीला दोऱ्याने एक जड किल्ली टांगली, पाठीमागे कंपासातला कोनमापक चिकटवला, आणि खिंडीतल्या एका मोठ्या वळणावर ओरडला, "मामा, बारा अंश!" काट्यावर वेग तेव्हा ताशी ३० किलोमीटर होता. मळमळ झाली नाही, कारण या वेळी डोळे आणि कान एकच गोष्ट सांगत होते, आणि किल्लीमागे डोंगरही दिसत होता.

त्या वळणाची त्रिज्या किती, हे आता तुम्ही काढा. १२ अंशांची स्पर्शज्या ०.२१ धरा आणि गुरुत्वत्वरण ९.८. आमचे उत्तर सुमारे ३४ मीटर आले.