योजना चालली का, हे शोधण्याचं करिअर

2001 च्या सुमारास मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या बालसख्या शिकवत होत्या. बालसखी म्हणजे बहुतेक वेळा वस्तीतलीच शिकलेली तरुण मुलगी. प्राथमिक वर्गांतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वेगळं बसवून ती रोज दोन तास त्यांच्याकडून वाचन-गणित करून घ्यायची. पण मुलं पुढे गेली तर ती तिच्यामुळे, की एरवीही गेली असती?

हे तपासायला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि दोन्ही गटांच्या चाचण्या घेतल्या. गुण वाढले होते, आणि ते मुख्यतः कच्च्या मुलांचे. 2019 चा अर्थशास्त्राचा नोबेल बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाला, तो अशा प्रयोगांच्या पद्धतीसाठी.

मला जास्त मोलाचं वाटतं ते बालसखीच्या प्रयोगानंतरचं काम. शिकवण्याची हीच पद्धत सरकारी शिक्षकांकडे गेली तेव्हा उत्तराखंडात प्रशिक्षण झालं, साहित्यही पोचलं, पण मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. हरियाणात 2012-13 मध्ये शाळेच्या दिवसात वेगळा तास राखून ठेवला, मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवलं आणि देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः वर्ग घेऊन पाहिले. तिथे भाषेचे गुण वाढले. एकच कल्पना एका राज्यात कागदावर राहिली आणि दुसऱ्या राज्यात मुलांपर्यंत पोचली. हा फरक नेमका कशाने पडला, ते शोधणं हा आता एक व्यवसाय आहे. तो तुमच्या मुलीला किंवा मुलाला जमू शकतो.

कोणाला जमतो? ज्याला आकड्यांची भीती नाही आणि अनोळखी घराच्या ओट्यावर बसून तासभर ऐकायचा कंटाळाही नाही, त्याला. संख्याशास्त्र येतं पण खेडं पाहिलेलं नाही, असे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. तळमळ आहे पण तक्ता वाचता येत नाही, असेही. या कामाला दोन्ही लागतं.

शिकायला फार लांब जावं लागत नाही. पुण्यात 1930 पासून गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबईचं धोरण अभ्यास केंद्र आहे. पदवीला अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा समाजशास्त्र घेतलेलं बरं. अभियंते आणि डॉक्टरही पुढे इकडे वळतात.

आता पालकांचा प्रश्न, नोकरीचा. सरकारी वाट हवी असेल तर यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवा आणि भारतीय सांख्यिकी सेवा अशा स्वतंत्र परीक्षा आहेत. पहिलीसाठी अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, दिल्लीत नीती आयोगाचं मूल्यमापन कार्यालय आहे. त्याबाहेर संशोधन संस्था आणि सामाजिक संस्था सर्वेक्षणाच्या कामासाठी तरुण साहाय्यक घेतात. यातल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरमधल्या चांगल्या नोकरीशी तुलना करण्याजोगा नसतो, आणि पदव्युत्तर शिक्षणाशिवाय फार वर चढता येत नाही. घरावर कर्ज असेल तर हा हिशेब आधीच मांडा, मुलांसमोर मांडा. पण ‘यात भविष्य नाही’ असं म्हणून दार लावू नका. सरकारी पैसा कुठे फळाला आला, हे पुराव्यानिशी सांगणारी माणसं आपल्याकडे अजून फार थोडी आहेत.

विद्यार्थ्यांनो, अकरावीला गणित सोडू नका. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास येणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मराठीत मिळते, ती वाचा. त्यातली एखादी योजना निवडा आणि ती तुमच्या गावात किंवा प्रभागात कोणापर्यंत पोचली, कोणापर्यंत नाही, हे या सुट्टीत दहा घरं फिरून विचारून या.