मनोनकाशा : लेखनापूर्वीची मांडामांड

निबंध लिहावयास बसलेल्या विद्यार्थ्याला अडचण विचारली, तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : सुरुवात सुचत नाही. वस्तुतः ही अडचण सुरुवातीची नसतेच. डोक्यात मुद्दे पुष्कळ असतात. पण ते सारे एकदम, एकमेकांत गुंतून येतात आणि वाक्ये मात्र एकामागून एक अशीच लिहावी लागतात. विचार चहूकडे पसरतो, लेखन एका रेषेत चालते. या दोहोंचा मेळ घालण्याचे साधन हाती नसले की विद्यार्थी बाजारातील गाईडकडे वळतो. तेथे मुद्दे क्रमवार लावून आयते मिळतात. फक्त ते त्याचे स्वतःचे नसतात.

हा मेळ घालण्याचे एक साधे साधन म्हणजे ‘माइंड मॅप’. या लेखात त्याला मनोनकाशा म्हटले आहे. कागदाच्या मध्यभागी विषय लिहावयाचा, त्यातून चहूबाजूंना फांद्या काढावयाच्या, प्रत्येक फांदीवर एखादाच शब्द आणि त्या फांदीला पुन्हा डहाळ्या, असे त्याचे स्वरूप असते. हे नाव रूढ करण्याचे श्रेय ब्रिटिश लेखक टोनी बुझान (१९४२–२०१९) यांना दिले जाते. १९७४ साली बीबीसीवरील ‘यूज युअर हेड’ या मालिकेतून व त्याच नावाच्या पुस्तकातून त्यांनी या पद्धतीचा प्रसार केला. कल्पना मात्र पुष्कळ जुनी आहे. तिसऱ्या शतकातील पॉर्फिरी या तत्त्ववेत्त्याच्या विवेचनावरून मध्ययुगीन युरोपात वर्गीकरणाचे झाड काढले जात असे. आपल्याकडील घराण्याच्या वंशावळीही झाडासारख्याच काढल्या जातात.

अशा नकाशाची गरज का पडते? जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली असे मांडले की, माणूस एका वेळी सुमारे सातच गोष्टी मनात धरून ठेवू शकतो. पुढील संशोधकांनी हा आकडा चारच्या आसपास आणला. म्हणजे दहा-पंधरा मुद्दे मनात धरून, त्याच वेळी त्यांचा क्रम लावून, त्याच वेळी चांगले वाक्य रचावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे. नकाशा मुद्दे सांभाळण्याचे काम कागदावर सोपवितो आणि मन क्रमाचा विचार करावयास मोकळे होते.

एखादे उदाहरण घेऊन हे पाहू. समजा, निबंधाचा विषय आहे ‘१९७२चा दुष्काळ’. कोरा कागद आडवा धरून मध्यभागी ‘दुष्काळ’ लिहावे. दहा मिनिटे हात न थांबविता फांद्या काढाव्यात : पाऊस, पाणी, जनावरे, अन्न, काम, गाव सोडणे, कायदा, शहर. मग डहाळ्या. ‘अन्न’ या फांदीला मिलो आणि सुकडी. ‘काम’ या फांदीला खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, मस्टर, कामावरच्या बायका. ‘कायदा’ या फांदीला रोजगार हमी योजना, वि. स. पागे, १९७७. ‘शहर’ या फांदीला व्यवसाय कर. घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली एखादी आठवण असेल, तर तिलाही जागा द्यावी. या दहा मिनिटांत काहीही खोडावयाचे नाही. मुद्दा चांगला की वाईट हे ठरविण्याची वेळ अजून आलेली नसते.

दुसरी पायरी बाण काढण्याची. दूरदूरच्या कोणत्या दोन डहाळ्यांचा एकमेकींशी संबंध आहे, ते पाहावे. ‘खडी फोडणे’ आणि ‘कायदा’ या लांबच्या गोष्टी वाटतात. पण दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच रोजगार हमी योजनेला बळ मिळाले. तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तिचे जनक मानले जातात. तिचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आता दुसरा बाण. या योजनेसाठी पैसा उभा करावा म्हणून १९७५ साली राज्यात व्यवसाय कर बसविण्यात आला. म्हणजे शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापली जाणारी रक्कम आणि खेड्यातील मजुराचे मस्टर या दोन गोष्टी एकाच रेषेने जोडल्या गेल्या. मुद्द्यांची नुसती यादी केली असती, तर ‘शहर’ कोठेतरी तळाशी एकटे पडून राहिले असते. यादीत जो मुद्दा आधी सुचला तो वर बसतो आणि पुढे तोच क्रम पक्का होऊन जातो. नकाशात कोणी वर नाही, कोणी खाली नाही. म्हणून असे संबंध दिसतात.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुधा गाळली जाते. बाण कोठे जास्त जमले आहेत ते पाहून त्यातून एक प्रश्न काढावयाचा. आपल्या उदाहरणात बाण ‘काम’ आणि ‘कायदा’ यांच्याभोवती जमले. त्यातून प्रश्न निघतो तो असा : संकटात हाताला काम मिळणे हे सरकारचे उपकार, की माणसाचा हक्क? आता विषय ‘दुष्काळ’ उरला नाही. तो लेखकाचा स्वतःचा प्रश्न झाला आणि निबंधाला कणा मिळाला.

चौथी पायरी निवडीची व क्रमाची. या प्रश्नाला जे उपयोगी नाही ते वगळावे. ‘जनावरे’ ही फांदी कितीही हृदयद्रावक असली, तरी या निबंधात तिला एखाद्या वाक्यापुरतीच जागा मिळेल. उरलेल्या फांद्यांना आकडे द्यावेत : १) पाऊस व पिकाची स्थिती, २) मिलो-सुकडी, म्हणजे मदत, ३) खडी व पाझर तलाव, म्हणजे काम, ४) व्यवसाय कर, ५) कायदा आणि हक्काची कल्पना, ६) २००५ साली केंद्राने केलेला रोजगार हमीचा कायदा व त्यामागचा महाराष्ट्राचा अनुभव. सहा आकडे, सहा परिच्छेद. आता सुरुवात सुचत नाही अशी तक्रार राहत नाही, कारण कोठे जावयाचे ते ठाऊक असते.

नकाशाचा आणखी एक फायदा असा की, आपल्याला काय येत नाही हे तो उघडपणे दाखवितो. ‘पाऊस’ या फांदीला एकही डहाळी फुटली नाही, तर ग्रंथालयात जाऊन नेमके काय शोधावयाचे ते कळते. सबंध कपाट चाळण्याऐवजी त्या काळातील वृत्तपत्रे आणि जिल्ह्याचे गॅझेटिअर एवढेच मागून घेता येते.

तथापि या पद्धतीचे अवास्तव कौतुक करू नये. मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धगोलांची सरधोपट वाटणी करून तिच्या आधारे मनोनकाशाची जी थोरवी सांगितली जाते, ती आजच्या मेंदूविज्ञानाला मान्य नाही. २००२ साली इंग्लंडमधील संशोधकांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांवर केलेल्या एका अभ्यासात नकाशा काढणाऱ्यांच्या स्मरणात काहीशी वाढ दिसली. पण या पद्धतीविषयी त्यांचा उत्साह मात्र कमी आढळला. शिवाय तो अभ्यास पाठांतराविषयी होता, लेखनाविषयी नव्हे. रंगीत पेन्सिली आणि सुबक चित्रे यांतच तास घालविला, तर नकाशा सुंदर होतो आणि निबंध तसाच राहतो. नकाशा म्हणजे निबंध नव्हे. फांदीवर ‘हक्क’ हा शब्द लिहिणे सोपे आहे. हक्क म्हणजे काय, हे सांगणारे वाक्य लिहिताना खरा विचार करावा लागतो. काही जण थेट लिहीत जातात व मागाहून कापतात. ज्यांना ते साधते त्यांनी तसेच करावे.

परीक्षेत वीस गुणांच्या प्रश्नासाठी उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, कच्चे काम म्हणून, पाच मिनिटांत छोटा नकाशा काढता येतो. आकडे टाकून झाले की त्यावर एक तिरकी रेघ मारावी व उत्तरास लागावे. ही पाच मिनिटे वाया जात नाहीत. मध्येच मुद्दा आठवून समासात बाण घुसडण्याची वेळ येत नाही, त्यात ती भरून निघतात.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे. निबंध कसा बांधावा हे घरी सांगणारे कोणी नसते, म्हणूनच गाईडचा आधार मोठा वाटतो. पण दुष्काळ, पाणी, मजुरी, बाजार, एस.टी. यांविषयी अशा घरांतून जे ज्ञान असते ते कोणत्याही गाईडात सापडत नाही. ते विस्कळीत असते एवढेच. त्याला कागदावर आणून क्रम लावण्यासाठी एक कोरा कागद, एक पेन्सिल आणि पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. पुढच्या निबंधाच्या वेळी गाईड बाजूस ठेवून हा प्रयोग अवश्य करून पाहावा.