रस्ता गावात आला, पण गाव कुठवर पोहोचले?

(द्वितीय वर्ष, कला)

ग्रामीण वाहतुकीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे एखादी डोंगरातली वाडी उभी राहते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी येते, वाट बंद होते आणि रुग्णाला डोलीत घालून आणावे लागते. हे चित्र खोटे नाही. पण त्यामुळे रस्त्यावरच्या गावांना हा प्रश्नच नाही, असा आपला समज होतो. माझे गाव कबनूर हे हातकणंगले-इचलकरंजी रस्त्यावर, इचलकरंजीला अगदी खेटून आहे. दिवसभर येथे यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. २०११ च्या जनगणनेत कबनूरची नोंद नगर म्हणून झाली, पण त्या वेळी कारभार ग्रामपंचायतीचाच होता. म्हणजे धड खेडे नाही आणि धड शहरही नाही. अशा गावाला दळणवळणाची अडचण ती काय असणार, असे मलाही वाटत असे. ते मत कसे बदलले, हे सांगितल्याशिवाय पुढचे विवेचन पुरे होणार नाही.

आमचे कुटुंब एकत्र आहे. माझी एक चुलत बहीण माझ्याच वयाची. दहावीला तिला माझ्यापेक्षा अधिक गुण होते. अकरावीला तिने शहरात विज्ञान शाखा घेतली, मी कला. घरात सायकल एकच होती, ती मला मिळाली. यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. तिची प्रात्यक्षिके सायंकाळपर्यंत चालत. त्याच सुमारास मागांची पाळी सुटते आणि शेअर रिक्षा कामगारांनी भरून जातात. एक रिक्षा जाऊ द्यायची, दुसरीची वाट पाहायची, असे करता करता अंधार पडे. चुलते एवढेच म्हणाले, "दिवस मावळायच्या आत पोरगी घरात पायजे." दिवाळीच्या सुट्टीनंतर ती पुन्हा गेली नाही. आज ती कांड्या भरते आणि मी हा लेख लिहितो आहे. एकच घर, एकच रस्ता, तेवढेच किलोमीटर. मग मी पोहोचलो आणि ती का नाही?

अंतर म्हणजे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना स्वीडनमधील भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांचा विचार मला उपयोगी वाटला. १९७० च्या सुमारास त्यांनी असे मांडले की, माणसाचे जग नुसत्या नकाशावर मोजता येत नाही, ते घड्याळावरही मोजावे लागते. प्रत्येकाला काही ठराविक वेळी ठराविक ठिकाणी असावेच लागते. पाण्याच्या वेळी घरी, पाळीच्या वेळी कामावर. यातून जो वेळ उरतो, त्यात जाऊन परत येता येईल तेवढेच त्या माणसाचे खरे जग. म्हणून तीन किलोमीटर हे अंतर सर्वांना सारखे नसते. सायकल असणाऱ्या मुलाला ते पंधरा मिनिटांचे असते. गुडघे धरलेल्या आजीला गाडीची उंच पायरी चढायची असेल, तर तेच अंतर अर्ध्या दिवसाचे होते. अंधाराआधी परतायची सक्ती असलेल्या मुलीला ते कधी कधी पार करताच येत नाही.

रेल्वे होती, तरीही

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात याचा मोठा दाखला आहे. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. हातकणंगले स्थानक याच मार्गावर आहे. पण आगगाडी आली म्हणून खेड्यातल्या गरीब मुलाला कोल्हापूरचे शिक्षण जवळ आले नाही. गाडीभाडे कोठून आणायचे आणि शहरात राहायचे कोठे, हा खरा अडसर होता. राजर्षी शाहू महाराजांनी तो ओळखला. १९०१ पासून त्यांच्या प्रोत्साहनाने व साहाय्याने कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघत गेली. वसतिगृह ही शिक्षणाची सोय तर होतीच, पण माझ्या मते ती वाहतुकीच्या प्रश्नावरची तोडही होती. रोजचा प्रवासच त्यांनी रद्द करून टाकला.

आपल्याच हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या वसतिगृहात राहून शिकले. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. विद्यार्थ्याला शाळेपर्यंत नेता येत नसेल तर शाळा विद्यार्थ्यापर्यंत न्यावी, ही दृष्टी त्यातून आली.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ठिकाणापर्यंत पोहोचणे आणि आत प्रवेश मिळणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. दवाखान्याच्या दारापर्यंत रस्ता असला, तरी ज्याला जातीमुळे उंबऱ्याबाहेर थांबवले जाई, त्याला त्या रस्त्याचा काय उपयोग? म्हणूनच १९१९ मध्ये शाहू महाराजांनी सार्वजनिक ठिकाणी, शाळांत व दवाखान्यांत अस्पृश्यांना समानतेने वागविण्याचे हुकूम काढले. १९२० ची माणगाव परिषद याच परिसरात भरली, याचेही स्मरण येथे होते.

एस. टी. आणि भारमान

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धावली. 'गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एस. टी.' या घोषणेने खेडोपाडी बाजार, शाळा आणि कचेरी जवळ आणली. सवलतींचाही लाभ मोठा आहे. विद्यार्थ्यांचा मासिक पास आहे, ग्रामीण मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना मोफत प्रवास मिळाला, तर मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे झाले. माझी आई माहेरी जायचे वर्षानुवर्षे पुढे ढकलत असे. निम्मे तिकीट झाल्यापासून ती सणावाराला जाऊन येते. ही बाब मी क्षुल्लक मानत नाही.

परंतु सवलत ही गाडीत बसलेल्याला मिळते. गाडीच सोयीच्या वेळी नसेल तर पास खिशात राहतो. कोणती फेरी चालवायची हे ठरविताना भारमान, म्हणजे आसनांच्या मानाने किती प्रवासी मिळाले, हे पाहिले जाते. खर्च भागवायचा तर हे पाहणे क्रमप्राप्तच आहे. मोठ्या मार्गांच्या उत्पन्नावर तोट्यातल्या खेड्याच्या फेऱ्या किती ओढायच्या, यालाही मर्यादा असते. पण यातून एक दुष्टचक्र तयार होते. भारमान कमी म्हणून फेरी कमी होते. फेरी कमी म्हणून लोकांचा भरवसा उडतो, ज्याला जमेल तो मोटारसायकल घेतो. प्रवासी आणखी घटतात आणि उरलेली फेरीही जाते. शेवटी थांब्यावर उभी राहतात ती वाहन घेण्याची ऐपत नसलेली माणसे. गाडीत किती बसले याची नोंद तिकिटावरून होते. गाडी नव्हती म्हणून कोण घरी राहिले, याची नोंद मात्र कोठेच होत नाही. माझ्या बहिणीचे नाव कोणत्याही भारमानात आलेले नाही.

एस. टी. ची ही उणीव आपल्याकडे वडाप भरून काढते. वडापला नावे ठेवणे सोपे आहे, पण हात केला की थांबणारी आणि घराजवळ सोडणारी गाडी म्हणून लोकांना तिचा आधार वाटतो. मात्र ती भरल्याशिवाय हलत नाही, तिच्यात पास चालत नाही आणि रात्री तिचा भरवसा नसतो. म्हणजे विद्यार्थी, वृद्ध आणि स्त्रिया, ज्यांच्यासाठी सवलती निघाल्या, त्यांनाच तेथे पूर्ण भाडे मोजावे लागते.

माणूस न्यावा की सेवा आणावी?

प्रत्येक वेळी माणसालाच प्रवास करायला लावणे आवश्यक नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची खेप त्यामुळे वाचू लागली. त्यासाठी नवा रस्ता बांधावा लागला नाही, न्यायालय जवळ आले. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते, तेही सेवाच दारात येण्याचे उदाहरण होय. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखले ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्क दिला.

संगणकाने सारे अंतर मिटले, असे मात्र समजू नये. रेशनच्या यंत्रावर अंगठा लावावा लागतो. सुताशी झटून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, अशा बायकांचा ठसा कधी कधी उमटत नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा पडतो. ज्या दिवशी हेलपाटा, त्या दिवशीची मजुरी बुडते. गरिबाच्या प्रवासखर्चात तिकिटाबरोबर हा खाडाही धरला पाहिजे.

काय करता येईल?

उपाय फार मोठे असतात असे नाही. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी साहाय्य देण्यात आले. त्या योजनेच्या अभ्यासात मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. शाळा जेथे लांब होती तेथे परिणाम विशेष दिसला. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत मुलींसाठी शाळेच्या वेळेच्या बसगाड्या आणि सायकली दिल्या गेल्या. आमच्या घरात दुसरी सायकल असती तर, हा विचार हे वाचताना माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

याखेरीज काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गाड्यांच्या वेळा ठरविताना मागाच्या पाळ्या आणि महाविद्यालयाच्या तासिका समोर ठेवाव्यात. थांब्यावर छप्पर आणि दिवा असावा. दिवा असला तर घरचे लोक मुलीला पाठवायला धजतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सुगम वाहतुकीची जबाबदारी शासनावर टाकली आहे, तेव्हा पायरीच्या उंचीचा विचार हा उपकार समजू नये. महिला ग्रामसभेत हा विषय आवर्जून घ्यावा, कारण पुरुषांच्या सभेत सायकलीवाल्याचेच अंतर मोजले जाते.

आणि एक काम आपण विद्यार्थीच करू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. येत्या शिबिरात घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारावा: "गेल्या वर्षात कुठे जायचे होते, पण जाता आले नाही?" कोण, कोठे, किती वाजता आणि का, एवढे वहीत टिपून घ्यावे. ती वही आगाराला आणि पंचायतीला द्यावी. न झालेल्या प्रवासांची ती पहिली नोंद ठरेल. प्राध्यापकांनी संमती दिली तर पहिल्या पानावर कोणाचे नाव लिहायचे, हे मी ठरवून ठेवले आहे. मी तिला तसे सांगितलेही. ती म्हणाली, "लिही, पण अजून वेळ गेली नाही म्हणून लिही."