लिलावातली डिकीवाली गाडी: बोलीच्या आधी करायचं गणित

कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की गाडी तीच राहते, तिची किंमत मात्र बदलते. निपाणीच्या आसपास राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. कोल्हापुरात एमएच-०९ पाटीची सेडान स्वस्तात सुटली म्हणून आणायची आणि बेळगावात केए-२२ करून घेताना वाचलेले पैसे आरटीओच्या खिडकीत ठेवून यायचे, असा व्यवहार सीमाभागात नवा नाही.

लिलावातली गाडी स्वस्त पडू शकते. पण बोलीचा आकडा म्हणजे गाडीची किंमत नव्हे. गाडी बेळगावच्या वडगावात तुमच्या दारात, तुमच्या नावावर आणि चालत्या स्थितीत उभी राहीपर्यंत जे खर्च होईल ती किंमत. म्हणून हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करायचा.

लिलाव कोणाचा?

लिलाव हा शब्द एक असला तरी प्रकार चार आहेत, आणि प्रत्येकातली जोखीम वेगळी.

पहिला, डीलरांचा आपसातला. लोकांकडून घेतलेल्या गाड्या मोठ्या कंपन्या ॲपवर डीलरांसमोर मांडतात. इथे सामान्य ग्राहकाला सहसा थेट बोली लावता येत नाही. ओळखीच्या डीलरमार्फत जावं लागतं आणि त्याचं कमिशन तुमच्या हिशेबात येतं. हा डीलर नोंदणीकृत आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत कागदोपत्री जबाबदारीही त्याच्यावर येते.

दुसरा, बँका आणि फायनान्स कंपन्यांचा. हप्ते थकलेल्या, ओढून आणलेल्या गाड्या. पॅन, आधार आणि अनामत भरून कोणालाही भाग घेता येतो, म्हणून ग्राहकाच्या कामाचा हाच. मात्र ज्याला हप्ते झेपले नाहीत, त्याने सर्व्हिसिंग वेळेवर केलं असेल हे धरून चालू नका.

तिसरा, विमा कंपन्यांच्या भंगाराचा. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत काढतात. अशी गाडी मातीमोल भावात दिसली तरी घरच्या वापरासाठी तिच्या वाटेला जाऊ नये.

चौथा, सरकारी. इथे वय बघा. १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी एप्रिल २०२३पासून वाढवून मिळत नाही. त्या भंगारात जाण्यासाठीच निघतात.

चारही ठिकाणी अट एकच: गाडी जशी आहे तशी, जिथे आहे तिथे. हातोडा पडल्यावर तक्रार चालत नाही.

आकडा उलटा काढा

माग चालवणारा माणूस सुताचा काउंट बघितल्याशिवाय भाव बोलत नाही. गाडीचा काउंट म्हणजे तिचा आजचा बेळगावातला भाव. तो काढताना जुन्या आठवणीवर जाऊ नका. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. डिझायर, अमेझ, ऑरा, टिगोर या आखूड डिकीच्या सेडान त्यात बसतात. सिटी, व्हर्नासारख्या लांब सेडानला ४० टक्के आहे, पण पूर्वीचा उपकर गेल्याने त्यांचाही एकूण कर कमी झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतोच. त्या आधीच्या वर्षी शेजाऱ्याने काय दिलं होतं, याला आज अर्थ नाही.

आता एक नमुना. यातले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही घाला. सात वर्षांची, केए-२२ पाटीची पेट्रोल सेडान, चांगल्या स्थितीत बेळगावात ५,००,००० रुपयांना मिळते असं धरू. त्यातून वजा करत जाऊ:

- चार टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच, सस्पेन्शन, पूर्ण सर्व्हिसिंग: ५०,०००
- लिलाववाल्याची फी १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी: ११,८००
- विमा: १२,०००
- नाव बदलणं, कार्ड, एजंट, फेऱ्या: ३,०००
- यार्डातून घरापर्यंत गाडी आणणं: ५,०००
- न दिसलेल्या दुखण्यासाठी राखीव: ४०,०००

एकूण १,२१,८००. म्हणजे बोलीची कमाल मर्यादा ३,७८,२००. त्यावर एक रुपया गेला तरी तीच गाडी बाजारात, चालवून बघून, शांतपणे घेतलेली बरी.

राखीव रक्कम बघून पुष्कळांना वाटतं, एवढी कशाला? कारण बहुतेक लिलावांत गाडी रस्त्यावर चालवून बघता येत नाही. जास्तीत जास्त जागेवर सुरू करून दाखवतात. गिअरबॉक्स, क्लच, स्टिअरिंगचा आवाज, एसीचा कॉम्प्रेसर हे खरे बोलतात ते हत्तरगी ओलांडून घाट-चढ लागल्यावर.

जीएसटीचं एक कलम नीट विचारून घ्या. डिसेंबर २०२४मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीत जुन्या गाड्यांच्या व्यवहारावरचा दर सरसकट १८ टक्के ठरला. तो गाडीच्या पूर्ण किमतीवर नसतो, नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्याच्या फरकावर असतो. आपली बोली कर धरून आहे की कर वेगळा, एवढं बोलीआधी लेखी घ्या.

पाटीची किंमत

आता हीच गाडी कोल्हापूरच्या यार्डात, एमएच-०९ पाटीची आहे असं धरा. महाराष्ट्रात तिने एकरकमी कर भरलेला आहे, पण कर्नाटकाला त्याचा उपयोग नाही. वडगावात राहणाऱ्याच्या नावावर ती करायची तर इथला आजीवन कर भरावा लागतो.

हा कर दोन राज्यांत सारखा नाही. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. कर्नाटकात नव्या गाडीला ५ लाखांपर्यंत १३, ५ ते १० लाखांना १४, १० ते २० लाखांना १७ आणि त्यापुढे १८ टक्के, वर उपकर. बाहेरच्या राज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, पण हिशेब मूळ किमतीपासून सुरू होतो, तुम्ही दिलेल्या बोलीपासून नाही. गाडी तीन लाखांत घेतली म्हणून कर तीन लाखांवर लागेल, ही समजूत महागात पडते.

आपल्या नमुन्यात हा कर ७२,००० आणि तिकडच्या आरटीओच्या ना-हरकत दाखल्याचा (एनओसी) खर्च ४,००० धरू. मर्यादा उतरली ३,०२,२०० वर. गाडीच्या अंगात काही फरक नाही, फक्त पाटीने ७६,००० खाल्ले. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण ओढून आणलेल्या गाडीचा जुना मालक त्यासाठी तुमच्याबरोबर खिडकीत उभा राहील, असं समजू नका. तो पैसा हिशेबात धरूच नये.

उलटही खरं आहे. कागलमधल्या पाहुण्यांना केए-२३, म्हणजे चिक्कोडीच्या पाटीची गाडी भेटली, तर त्यांनाही हाच आकडा महाराष्ट्राच्या बाजूने काढावा लागेल. ‘पाहुण्यांच्या पत्त्यावर तशीच ठेवू’ हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. गाडी जिथे नेहमी राहते तिथे तिची नोंदणी हवी, हा कायदा आहे. अपघातानंतर विम्याचा माणूस पहिल्यांदा पत्ताच विचारतो.

पुरातून आलेली गाडी

आपल्या भागात ही तपासणी सोडू नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ आणि वेदगंगेचं यमगर्णीजवळ महामार्गावर आलं होतं. सांगली-कोल्हापुरात तेव्हा पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्यांचं पुढे काय झालं? काही भंगारात गेल्या, काही धुऊन-पुसून परत रस्त्यावर आल्या. त्या पुरांआधीच्या सालातली गाडी असेल तर हे बघा:

- सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ किंवा पिवळट डाग दिसतो.
- डिकीतली स्टेपनी उचला. खालच्या खड्ड्यात गाळ, गंज बघा.
- सीटच्या रुळांवर, खालच्या बोल्टांवर गंज आणि कार्पेटखाली ओल बघा.
- डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरा शोधा.
- काचा बंद ठेवून दोन मिनिटं आत बसा. अत्तराचा दर्प जास्त असेल तर कशावर मारलंय ते विचारा.

उद्यमबागेतला किंवा तुमच्या भरवशाचा मेस्त्री एका दिवसाची मजुरी देऊन यार्डात न्या. स्कॅनर आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र असलेला मिळाला तर उत्तम. तो खर्च गाडी न घेताही होईल, आणि गाडी न घेण्याचा निर्णय त्यातूनच निघत असेल तर तो सगळ्यात स्वस्त पडलेला खर्च.

कागद: कुठला फॉर्म कशाला

नेहमीच्या विक्रीत फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्जाचा बोजा उतरवायला ३५. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथे नवा नंबर घ्यायला २७.

ओढून आणलेल्या गाडीत अडचण वेगळी. आरसी पुष्कळदा जुन्या मालकाकडेच राहते आणि सही द्यायला तो येत नाही. अशा वेळी फायनान्स कंपनी फॉर्म ३६ वर अर्ज करून आपल्या नावाची नवी आरसी मागते. आरटीओ जुन्या मालकाला नोटीस पाठवतो, म्हणून वेळ जातो. हे कंपनीने केलंय की तुमच्या गळ्यात टाकणार आहे, ते बोलीआधी विचारा. सरकारी लिलावात घेतलेल्या गाडीला मात्र फॉर्म ३२ लागतो. एजंट दोन्हींत गल्लत करतात, तुम्ही करू नका.

केंद्रीय नियमांतली फी फार नाही: कारचं नाव बदलायला ३००, नव्या कर्जाची नोंद करायला १,५००, कार्डाचे २००. विम्यात १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला त्रयस्थ पक्षाचा हप्ता जून २०२२च्या दराने ३,४१६ अधिक जीएसटी. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो माणसाबरोबर जातो.

वाहन पोर्टलवर नंबर घालून बोजा, चलान, कर, विमा आणि काळ्या यादीतली नोंद बघा. थकलेलं चलान कोण भरणार, हेही लिहून घ्या. नोंदणी १५ वर्षांची होत आली असेल तर नूतनीकरणाचे ५,००० आणि फिटनेस तपासणी जोडा.

बोलीच्या दिवशी

समोर डीलर बसलेले असतात. त्यांची दुरुस्ती तुमच्यापेक्षा स्वस्तात होते, कारण गॅरेज त्यांचं असतं. पण गाडी विकून त्यांना नफा काढायचा असतो, तुम्हाला नाही. या दोन गोष्टी साधारण एकमेकींना कापतात, म्हणून डीलरच्या थोडं वर जाऊन गाडी घेण्यात काही चूक नाही. पण चार डीलर एकदम थांबले आणि तुम्ही एकटेच वर चढताय असं झालं, तर त्यांना गाडीत काहीतरी दिसलंय जे तुमच्या मेस्त्रीला दिसलं नाही, असं समजा.

घरातून निघताना एका चिठ्ठीवर दोन आकडे लिहा: केए पाटीची मर्यादा आणि एमएच पाटीची मर्यादा. आपल्या नमुन्यात ३,७८,२०० आणि ३,०२,२००. बरोबर आलेल्या भावाजींच्या हातात ती चिठ्ठी द्या आणि आकडा आला की तुमचा हात खाली ओढायचा अधिकारही त्यांनाच द्या. बोली सुरू झाल्यावर ‘अजून पाच हजारांनी काय होतंय’ असं ज्याला वाटतं, त्याच्या हातात चिठ्ठी असून उपयोग नसतो.