कामगाराची सही घेण्याआधी

चि. सायली,



तुझं पत्र आणि सोबतचे दोन्ही मसुदे वाचले. भाषा स्वच्छ आहे, कुठं फापटपसारा नाही. तरी दोन्हींतला एकही अशिलाच्या हाती देऊ नकोस.

तू लिहितेस, अशिलांचं प्रेसशॉप लहान आहे, सात माणसं कामाला, ईएसआय लागू नाही, कामगार भरपाईची पॉलिसी मात्र घेतलेली आहे. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडच्या पंचवीस वर्षांच्या मुलाचा उजवा अंगठा पॉवर प्रेसमध्ये गेला. आता मालकांना दोन कागद हवेत. त्या मुलानं साठ हजार घेऊन ‘यापुढे माझी कसलीही मागणी नाही’ असं लिहून द्यायचं. आणि इथून पुढे कामावर येणाऱ्या प्रत्येकानं रुजू होतानाच ‘अपघात झाल्यास विमा कंपनी देईल तेवढंच घेईन, मालकाकडे काही मागणार नाही’ अशी सही करायची.

हा दुसरा कागद आधी घेते, कारण त्याचा निकाल एका ओळीत लागतो. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचं कलम १७ काढून वाच. कामगारानं भरपाईचा हक्क सोडून देण्याचा कुठलाही करार, देणाऱ्याची जबाबदारी तो जेवढी घालवतो किंवा कमी करतो तेवढ्यापुरता, शून्य आहे. स्टॅम्पपेपर, नोटरी, दोन साक्षीदार, यांपैकी कशानंही त्यात जीव येत नाही. कायदा करणाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीही माहीत होतं की पोटासाठी दारात उभा राहिलेला माणूस पुढे केलेल्या कागदावर सही करतोच. म्हणून त्यांनी त्या सहीची किंमतच काढून घेतली. हा या कायद्याचा मला सर्वांत आवडलेला भाग आहे, आणि तू तो कधी विसरू नयेस असं मला मनापासून वाटतं.

रुजू होताना एक कागद कायद्याला हवाच आहे, पण तो अगदी उलट्या दिशेनं जाणारा. २०१७ च्या दुरुस्तीनं कलम १७-अ आलं. कामावर घेताना मालकानं कामगाराला भरपाईच्या हक्काची माहिती लेखी द्यायची, इलेक्ट्रॉनिक मार्गानंही द्यायची, आणि त्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. न दिल्यास त्या कायद्यात दंड पन्नास हजारांपासून एक लाखापर्यंत होता. तुझ्या अशिलांनी हा कागद कधी दिलाय का, विचार. दिला नसणार. म्हणजे जे सांगणं त्यांच्यावर बंधनकारक होतं ते राहिलं, आणि जे मागणं निरर्थक आहे त्यासाठी ते तुला फी देताहेत. हे त्यांना स्पष्ट सांग. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे नव्या नेमणुकांसाठी तिच्यातली कलमं बघावी लागतील. पण हक्क सोडण्याचा करार तिच्यातही चालत नाही. ऑगस्टचा अपघात मात्र त्याआधीचा, म्हणून जुन्या कायद्याखालचाच.

आता त्या मुलाचा कागद. अपघात झाल्यानंतर तडजोड करायला कायद्याची मनाई नाही, त्यामुळे इथं जास्त जपून वाचायला हवं. कलम २८ प्रमाणे अशा तडजोडीचं टिपण भरपाई आयुक्तांकडे पाठवावं लागतं. ते पक्षांना नोटीस काढतात, खरेखोटेपणा तपासतात आणि मगच नोंदवतात. रक्कम अपुरी वाटली, फसवणूक किंवा दडपण दिसलं, तर नोंदणी नाकारतात. आणि टिपण पाठवलंच नाही तर कलम २९ आहे: मालक पूर्ण भरपाईला बांधलेला राहतो, आणि आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर आधी दिलेल्या पैशातले निम्म्याहून अधिक वळतेही करता येत नाहीत. साठ हजार देऊन तीस हजारांचीच वजावट. मृत्यूच्या बाबतीत तर कलम ८ याहून कडक आहे. तिथं भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, परस्पर वारसांच्या हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरत नाहीत.

साठ हजार हा आकडा कुठून आला ते तू लिहिलं नाहीस. मी हिशेब मांडते, तू पडताळून बघ. त्याचा पगार सोळा हजार, पण ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी पगार पंधरा हजारांपर्यंतच धरतात. कायम पूर्ण अपंगत्वासाठी त्याचे ६० टक्के, म्हणजे नऊ हजार. वय पूर्ण पंचवीस, गुणक २१६.९१. गुणाकार १९,५२,१९०. अंगठा गेल्यास पहिल्या परिशिष्टात कमाईची ३० टक्के हानी लिहिली आहे, तेव्हा ५,८५,६५७ रुपये. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. पाच लाख पंच्याऐंशी हजारांच्या जागी साठ हजारांचा कागद कुठले आयुक्त नोंदवतील?

आणि तीस टक्के ही कमाल मर्यादा आहे असं अशिलाला सांगू नकोस. ओरिसातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, परिशिष्टातली टक्केवारी द्या. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ च्या निकालात धरलं की एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यापुरतं अपंगत्व पूर्णच. त्याच निकालात दुसरी मोठी गोष्ट ठरली: भरपाई अपघात घडतो त्या क्षणी देय होते, आयुक्तांच्या निकालाच्या दिवशी नाही. प्रेसवर जॉब लावायला, काढायला अंगठाच लागतो. त्या मुलाचा वकील हे म्हणणार, आणि त्यात तथ्य आहे.

देय झाल्यापासून महिन्याच्या आत रक्कम भरली नाही तर १२ टक्के सरळव्याज. उशिराला सबळ कारण नसेल तर, मालकाला म्हणणं मांडायची संधी देऊन, भरपाईच्या पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. जबाबदारी पूर्ण मान्य नसली तरी जेवढी मान्य आहे तेवढी रक्कम आधी भरावीच लागते. ‘विमा कंपनीचं उत्तर आलं नाही’ म्हणून बसून राहणं हे सबळ कारण ठरेल या भरवशावर राहू नका.

इथं विम्याकडे येते. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ‘पॉलिसी आहे, त्यामुळे मालक निर्धास्त आहेत’. हे वाचून मला काळजी वाटली. सर्वसाधारण मालकानं विमा घेतलाच पाहिजे असं १९२३ च्या कायद्यात कुठंही नाही. कायदा मालकाला जबाबदार धरतो. विमा हा मालक आणि कंपनी यांच्यातला करार, आणि करारात जे लिहिलंय तेवढंच कंपनी देते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मोटार विम्याच्या प्रकरणात भरपाई आणि व्याज कंपनीनं द्यायचं, दंड मात्र मालकाच्या स्वतःच्या कसुरीचा, तो त्याच्या खिशातून. २००६ मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात पुढचं ठरलं: गाडीचा सक्तीचा विमा नसेल, साधी कामगार भरपाईची पॉलिसी असेल, आणि तिच्यात व्याज वगळल्याचं लिहिलं असेल, तर व्याजही मालकाच्याच माथी. तेव्हा पॉलिसीचं पहिलं पान बघून समाधान मानू नकोस. मागची बारीक अक्षरातली पानं, जोडलेली पृष्ठांकनं सगळी मागव. व्याज वगळलंय का? उपचाराचा खर्च वेगळा प्रीमियम भरून घेतलाय का? ठेकेदाराची माणसं धरली आहेत का? ठेकेदाराच्या माणसाची भरपाई कलम १२ प्रमाणे मुख्य मालकाकडे मागता येते, नंतर त्यानं ती ठेकेदाराकडून वसूल करायची. विम्यात ती माणसं नसली तर मालक उघडा पडतो.

मग पॉलिसीतली माणसांची संख्या आणि पगार मस्टर नि पगारपत्रकाशी ताडून बघ. बहुतेक भांडणं इथंच जन्मतात. प्रीमियम वाचवायला सातांच्या जागी चार माणसं दाखवलेली असतात, सोळा हजारांच्या जागी दहा. अपघात झाला की कंपनीचा माणूस हजेरीपट मागतो आणि म्हणतो, हा कामगार आमच्या हिशेबात नाही. कामगाराचा हक्क त्यामुळे कमी होत नाही, कमी होतं ते मालकाचं संरक्षण. हे मालकांना वर्षाच्या सुरुवातीला, नूतनीकरणाच्या वेळी सांगणारं कुणी नसतं. तू सांगत जा. तुझ्या सगळ्या व्यवसायात याहून उपयोगाचा सल्ला क्वचितच देशील.

कंपनी लढायला उठली म्हणजे किती वर्षं जातात याचं आपल्याकडचंच उदाहरण देते. तेव्हाच्या उस्मानाबादचं. साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटरसायकलवरून निघाला होता, २२ एप्रिल २००३ ला. कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. आयुक्तांनी २००९ मध्ये कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली, आणि २०११ मध्ये निकाल फिरला: अपघात कामावर झालाच नाही. २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं आयुक्तांचा निकाल पुन्हा उभा केला. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामातूनच उद्भवलेला धरायचा असं ठरलं. चांगला निकाल आहे, तुझ्या टिपणवहीत ठेव. पण बावीस वर्षं, सायली. त्या घरातली मुलं तेवढ्यात केवढी झाली असतील! कंपनीच्या वकिलानं कायद्याचा खरा प्रश्न मांडला हे मान्य, तरी त्या रखवालदाराच्या बायकोनं ती वर्षं कशी काढली असतील हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तुझ्या अशिलांचा एक मुद्दा मात्र ऐकून घे. ते म्हणतात, मुलानं प्रेसचा गार्ड स्वतः काढला होता. कलम ३ मध्ये असा बचाव आहे: जाणूनबुजून सुरक्षा साधन काढलं आणि अपंगत्व आंशिक असलं, तर जबाबदारी टळू शकते. मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्व असलं तर हा बचाव उपलब्धच नाही. पण तो घेण्याआधी मालकांना समोर बसवून विचार: गार्ड रोज बसवलेला असायचा का? नग कमी पडले की सुपरवायझर काय म्हणायचा? बाकीच्या सहा जणांच्या प्रेसवर आज गार्ड आहे का? निष्काळजीपणा आणि जाणूनबुजून केलेला भंग यांत फार अंतर आहे, आणि सिद्ध करण्याचा भार मालकावर. सगळं शॉपच गार्डाविना चालत असेल तर असलं कथन तुझ्या सहीनं कोर्टात जाऊ देऊ नकोस.

तू मालकाची वकील आहेस आणि त्याच्याच हिताचं बोलायचं आहेस, हे मला कळतं. त्याचं हित त्वरित रक्कम भरण्यात आहे. अपिलाची आशा फार धरू नये; ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालतं, आणि मालकाला आधी पूर्ण रक्कम आयुक्तांकडे जमा केल्याचा दाखला जोडावा लागतो. दंडाचा आकडा, २,९२,८२८ पर्यंत, कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव. हे पैसे कुठलीही कंपनी परत देणार नाही हे कळलं की माणसं ऐकतात.

तेव्हा या आठवड्यात विमा कंपनीला अपघाताची लेखी सूचना गेली आहे का ते बघ, गेली नसेल तर आजच पाठव. मान्य रक्कम आयुक्तांकडे भरून पावती घ्या. टक्केवारीबद्दल वाद उरला तर तो तिथं चालू दे. त्या मुलाशी तडजोड करायचीच असेल तर त्याला स्वतःचा वकील करू दे, कामगार संघटनेचा कुणी असला तरी चालेल, आणि टिपण मराठीबरोबर हिंदीतही कर. तू लिहिलंस तो बिहारचा आहे, मराठी वाचत नाही. त्याला परत कामावर घेणार असतील तर कुठल्या मशीनवर, किती पगारावर, हेही त्यात येऊ दे. मसुदा दाखल करण्याआधी मला पाठव. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी आहे.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी
आत्या