तुंगारेश्वराच्या पायथ्याचे पाडे

प्रश्न : आम्ही गोखिवऱ्याला नव्यानेच राहायला आलो आहोत. इथून डोंगराकडे निघाले की आदिवासी पाडे लागतात. कोणी म्हणतात, ही माणसे मजुरीसाठी अलीकडेच आली. कोणी म्हणतात, इथे वेठबिगारी होती. मुंबईच्या इतक्या जवळ हे शक्य आहे का?
– एक वाचक, वसई पूर्व

उत्तर : वेठबिगारी होती, आणि ती फार जुनी गोष्टही नाही. बाहेरगावचे मजूर वसई पूर्वेला आले हे खरे, पण पाडे त्यांचे नव्हेत. तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाच्या पायथ्याला वारली, कातकरी, मल्हार कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. वसईचा इतिहास म्हटला की किल्ला, पोर्तुगीज आणि १७३९ची चिमाजी अप्पांची मोहीम एवढेच आपण सांगतो. डोंगराकडच्या माणसांना त्यात जागाच मिळत नाही, याची मला खंत वाटते.

त्यांची गरिबी कायद्याने आणि कर्जाने आणलेली आहे. १८७८च्या वन कायद्यानंतर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले डोंगर राखीव जंगलात गेले. तुमच्या गोखिवऱ्यात ज्याला सगळे ‘रेंज ऑफिस’ म्हणतात, ते याच वनखात्याचे. पावसाआधी झाडांचे टहाळ, पालापाचोळा, शेण रोपाच्या वाफ्यावर पसरून जाळायचे, म्हणजे राब भाजायचा, आणि मग भात-नागली पेरायची, ही इथली शेतीची रीत. टहाळ तोडण्यावरच बंधने आली आणि शेतीची नाडी आवळली गेली. ओरड इतकी झाली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. पण जमिनी सावकारांच्या, गवताच्या आणि लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या हाती जातच राहिल्या. मुंबईच्या घोड्यांना आणि तबेल्यांना लागणारे गवत याच जिल्ह्यातून जाई, आणि ते कापणारे हात आदिवासींचे असत.

लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि मग नवरा-बायकोने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायचे, ही ‘लग्नगडी’ची पद्धत म्हणजे वेठबिगारीच. कर्ज फिटायचे नाही, कारण हिशेब सावकाराच्या वहीत. उत्तरेकडे उंबरगाव, डहाणू, तलासरी भागात १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने वारल्यांना संघटित करून या पद्धतीवर घाव घातला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मेले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्या लढ्याचेच आहे. मिळाले तर जरूर वाचा.

वसई तालुक्यात मात्र वेठबिगारी त्यानंतरही टिकली. तिच्यावर बंदी घालणारा कायदा १९७६ मध्ये झाला. त्याने अशी सर्व कर्जे एका फटक्यात रद्द केली. पण कायदा पाड्यावर आपोआप पोहोचत नाही. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी तालुक्यातल्या दहिसर गावात काम सुरू केले, वेठबिगारांना सोडवले आणि त्यातूनच १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. म्हणजे मुंबईच्या लोकल गाड्या विरारपर्यंत धावत असताना त्याच तालुक्यात माणसे कर्जापायी बांधलेली होती. यापेक्षा मोठी लाजिरवाणी गोष्ट वसईच्या अलीकडच्या इतिहासात मला दिसत नाही.

पुढे २००३ मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य झाले आणि २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका. एकीकडून अभयारण्याची हद्द आणि दुसरीकडून इमारती, असे पाडे मध्ये सापडले. २००६च्या वनहक्क कायद्याने कसत आलेल्या जमिनीवर हक्क मागता येतो. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवावी लागते.

आता तुम्हाला एक विनंती. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबे आजही या भागात आहेत. उचल फिटली नाही म्हणून कोणाला अडवून ठेवल्याचे कानावर आले, तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात कळवा. अशा माणसाची सुटका करून त्याला मुक्ततेचा दाखला देणे ही प्रशासनाची कायदेशीर जबाबदारी आहे.